खुडूक मोडा म्हणता, मग पिल्लं सांभाळायची कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या शेती पुरवणीत परसातल्या कोंबड्यांवर अर्धं पान माहिती आली होती. बघून आधी बरंच वाटलं, कारण एरवी कोंबडी म्हटलं की पेपरात एकतर ब्रॉयलरचे भाव येतात नाहीतर बर्ड फ्लू, २००६ ला नवापूर आणि २०२१ ला परभणीचं मुरुंबा, तेवढ्यापुरती कोंबडी पहिल्या पानावर, दारातल्या चार कोंबड्यांबद्दल कोण लिहितंय? पण त्या पानात खाली एक चौकट होती, खुडूकपणा (म्हणजे अंडी घालायचं थांबवून कोंबडी उबवायला बसून राहते ते) हा दोष आणि त्यावरचे उपाय, आणि ती वाचून डोकंच फिरलं. उपाय काय तर कोंबडीला थंड पाण्यात बुडवा, नाकपुडीत पीस खुपसा, पाय बांधून टाका, म्हणजे म्हणे तीन दिवसात सुतासारखी सरळ होऊन परत अंडी घालायला लागते. लिहिणारे साहेब शिकलेले असणार, त्यांच्या शिक्षणाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण दारात कोंबडी पाळणाऱ्या बाईच्या बाजूनं कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

आम्ही पाटण तालुक्यातले, डोंगराकडचे. दारात बारा-पंधरा कोंबड्या कायम असतात, सगळ्या गावठी, एखादी गिरिराज ह्या सुधारित जातीच्या वळणाची. हा काही मोठा धंदा नाही, पण पाहुणा आला तर कोंबडा दारचा, पोराला अंडं दारचं आणि अडीअडचणीला बाजारात एक कोंबडा नेला की मिठा-मिरचीचं भागतं. हे सगळं ज्याच्या जीवावर चालतं ती म्हणजे खुडूक होणारी कोंबडी. ती खुडूक झालीच नाही तर पुढच्या वर्षी दारात कोंबड्या येणार कुठनं?

कोंबडी खुडूक झाली हे बाईला सांगावं लागत नाही. बारा-पंधरा अंडी घातली की एक दिवस ती टोपलीतनं उठतच नाही, हात घातला तर अंगाची पिसं फुलवून दुप्पट होते, घशातनं गुरगुरल्यासारखा आवाज काढते आणि चावा घेते, पोटाखाली हात लावला तर कढत लागतं आणि तिथली पिसं गेलेली असतात, ती तिनंच उपटलेली किंवा गळलेली, कारण अंड्याला कातडीची ऊब थेट लागली पाहिजे. दिवसातनं एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते, एकच मोठी घाण वासाची शीट टाकते आणि परत पळत जाऊन बसते. डॉक्टर लोक सांगतात की हे प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनमुळं होतं आणि ते वाढलं की अंडी घालणं थांबतं. बरोबर आहे. पण ह्यात दोष कुठं आला? म्हैस गाभण राहिली म्हणून तिला दोष लावतो का आपण?

दोष आहे तो कुणासाठी, तर ज्याचा फार्म आहे त्याच्यासाठी. लेगहॉर्नचा फार्मवाला अंड्यावर जगतो, त्याची कोंबडी महिनाभर बसून राहिली तर त्याचं नुकसान, म्हणून त्या जातीतनं पिढ्यानपिढ्या खुडूक होणाऱ्या कोंबड्या काढून टाकत आणल्या, आज लेगहॉर्न सहसा खुडूक होतच नाही. त्याला उबवायला मशीन आहे, पिल्लाला ब्रूडर (ऊब द्यायची पेटी) आहे, लाईट गेली तर जनरेटर आहे. माझ्याकडं ह्यातलं काय आहे? माझी खुडूक कोंबडीच मशीन, तीच ब्रूडर आणि तीच राखण. फार्मवाल्याचा नियम उचलून दारातल्या कोंबडीला लावला की असा घोटाळा होतो.

आता हिशोब पण बघूया, कारण साहेबांनी हिशोब दिलाय की गावठी कोंबडी खुडूक झाल्यामुळं वर्षाला ५० ते ७० च अंडी देते आणि सुधारित जात १०० च्या पुढं जाते. आकडा खोटा नाही. पण त्या १०० च्या मागचं खाद्य विकतचं असतं आणि गावठी कोंबडी उकिरड्यावर आणि बांधावर स्वतःचं पोट स्वतः भरते हे चौकटीत आलं नाही. आणि दुसरं म्हणजे गावठीच्या एका बसणीतनं दहा पिल्लं निघाली आणि त्यातली पाच-सहा जरी मोठी झाली तरी ती दहा-बारा अंड्याच्या किमतीची राहत नाहीत, गावठी कोंबडा जत्रेच्या टायमाला काय भावानं जातो हे साहेबांनी एकदा आमच्याकडं येऊन विचारावं.

सरकारी योजनेतनं एक दिवसाची १०० पिल्लं मिळतात, गटानं. चांगली योजना आहे, नाही म्हणत नाही. पण एक दिवसाचं पिल्लू म्हणजे उघडं पडलेलं बाळ, त्याला पहिल्या आठवड्यात ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते आणि मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी करत आणायची. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. डब्यात उबेसाठी लावलेला बल्ब विझला की पिल्लं एकमेकावर चढून गठ्ठा होतात आणि खालची गुदमरतात, सकाळी डबा उघडला की बायका डोक्याला हात लावून बसतात. मग लोक म्हणतात योजनेची पिल्लं टिकत नाहीत. अहो, आईच नाही तर टिकतील कशी? गिरिराज, वनराज ह्या जाती वाढीला, अंड्याला चांगल्या, पण त्या अंड्यावर नीट बसत नाहीत, म्हणून त्यांची पुढची पिढी दारात होत नाही, परत पिल्लं विकत आणायची. ह्यावर साधा उपाय माझ्या डोक्यात बरेच दिवस आहे तो पत्राच्या शेवटी लिहिते.

आधी खुडूक मोडायचं बघू. कधीकधी मोडावी लागते, हे खरंय. दारात एकदम तीन-तीन कोंबड्या बसल्या, किंवा ऐन उन्हाळ्यात बसली, किंवा कोंबडाच नाही दारात त्यामुळं अंड्यात जीवच नाही आणि ही आपली रिकाम्या टोपलीवर बसून सुकतीय, तर मोडावीच. पण त्याला छळ कशाला? पाण्यात बुडवली की कोंबडी गारठते, पावसाळ्यात तर सर्दी होऊन डोळे-नाक सुजतं. नाकात पीस घालणं तर शुद्ध क्रूरपणा, तिचं नाक फुटतं, जखम होते, श्वास घेताना त्रास म्हणून ती उठते, आणि आपण म्हणायचं बघा उपाय लागू पडला. चांगली पद्धत अशी की तळाला जाळी किंवा पट्ट्या असलेला पिंजरा घ्यायचा, तो दोन विटांवर उचलून ठेवायचा म्हणजे खालनं वारं लागेल, आत काड नाही, भुसा नाही, काही मऊ नाही, दाणा-पाणी मात्र पोटभर, आणि उजेडात, इतर कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवायचा. पोट थंड पडलं की तीन ते पाच दिवसात तिच्या डोक्यातलं खूळ जातं. पहिल्याच दिवशी, म्हणजे टोपलीत रात्र काढायला लागली की लगेच पिंजऱ्यात घातली तर लवकर मोडते, आठवडाभर बसू दिली तर वेळ लागतो. परत अंड्यावर यायला त्यापुढं दोन-तीन आठवडे धरा, तीन दिवसात वगैरे काही होत नाही. आणि रोजच्या रोज अंडी उचलत गेलं तर मुळात खुडूक व्हायलाच उशीर लागतो, कारण टोपलीत अंड्यांचा ढीग दिसला की तिला बसायची ओढ लागते. एकच अंडं ठेवायचं म्हणजे जागा बदलत नाही. नाहीतर गवतात कुठंतरी घालते आणि मग पंधरा दिवसांनी सापडतात.

आता बसवायचं ठरलं तर. आमच्या आत्ती (सासूबाई) कुठलीही कोंबडी बसवत नाहीत, मागच्या खेपेला जिनं पिल्लं तुडवली किंवा मधेच उठून गेली तिला नाही, जी हात घातला तरी उठत नाही आणि पिल्लांना घेऊन लांब रानात जात नाही ती खरी. तलंग (कोवळी कोंबडी) पहिल्यांदाच बसणार असेल तर तिला पाच-सहा अंड्यावर बसवून बघतात. मोठ्या अंगाच्या कोंबडीखाली दहा-बारा, पंखाखाली मावतील एवढीच, हाव करून पंधरा-अठरा ठेवली की काठावरची अंडी गार पडतात, मग ती आत सरकवते आणि आतली बाहेर येतात, असं करत सगळीच थोडी थोडी बिघडतात. अंडी ताजी पाहिजेत, आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांचीच, कारण घरातल्या उकाड्यानं अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. साठवताना निमुळतं टोक खाली, गार जागेत, माठाजवळ. फ्रिजमधली अंडी बसवू नयेत. घाण अंडं धुऊ नये, शीट लागलेलं असलं तर ते खायला घ्यावं, बसवायला स्वच्छच निवडावं, कारण धुतलं की वरचा थर जातो आणि आत जंतू शिरतात. दहा कोंबड्यामागं एक चांगला कोंबडा असला की पुरे.

सगळी अंडी एकाच दिवशी ठेवायची आणि कोळशानं खूण करायची. हे सगळ्यात महत्वाचं आणि हेच लोक करत नाहीत. बसलेली कोंबडी दाणे खायला उठली की दुसरी येऊन त्याच टोपलीत अंडं घालून जाते, रोज एक-दोन वाढतात, मग २१ व्या दिवशी काही फुटतात, काहींचे अजून आठ-दहा दिवस बाकी, कोंबडी पिल्लं घेऊन उठते आणि मागं अर्धवट वाढलेली अंडी राहतात, फोडून बघितलं तर आत पिसासकट पिल्लू. वाईट वाटतं बघताना. खूण असली की बिनखुणेचं रोज संध्याकाळी काढून घ्यायचं, तेवढंच कालवणाला. शक्यतो टोपली वेगळीच ठेवायची, अंधाऱ्या कोपऱ्यात, घुशीचं बीळ नसेल अशा जागी. जागा बदलायची तर रात्री, अंधारात, कोंबडीला खालनं उचलून, दिवसा बदलली तर ती जुन्या जागी पळते आणि रिकाम्या टोपलीवर बसते.

टोपलीत खाली राख, मग भाताचं तूस, वर मऊ काड. राख कशाला तर उवा-पिसवा. २१ दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर एवढ्या होतात की ती वैतागून अंडी सोडून जाते, म्हणून टोपलीजवळच चुलीतली राख आणि कोरडी माती एका पाटीत ठेवली की उठल्यावर ती त्यात लोळून घेते. खायला मका, ज्वारी असं अख्खं धान्य, पातळ हगवण झाली तर अंडी भरतात. सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघायची, मुठीत धरून खालनं उजेड पाडला की जीव असलेल्या अंड्यात लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधे एक काळा ठिपका हलतो, नुसतं पिवळट स्वच्छ दिसलं तर ते वांझ, काढून टाका, तेवढी बाकीच्यांना ऊब जास्त. माझी पोरगी हे काम फार आवडीनं करते, आता तर तिला नववी-दहावीची पोरं सायन्सच्या प्रॅक्टिकलसाठी विचारायला येतात.

आमच्याकडं अजून एक आहे, टोपलीत लोखंडाचा खिळा आणि कोळसा ठेवतात, आभाळ गडगडलं की अंडी जातात म्हणून. गडगडण्यानं काही होत नसावं असं मला वाटतं, त्या दिवसात हवा दमट, अंडी शिळी, टोपली ओली, त्यानंच जातात. पण खिळा काही कोंबडीला चावत नाही, आत्ती ठेवतात, मी काढत नाही.

एकोणिसाव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. काही लोक ह्या टायमाला कोमट पाण्यात अंडी सोडून बघतात, हलतंय ते जिवंत, पण कवचाला आतनं टोच पडलेली असली तर पिल्लू पाण्यातच जातं, कशाला ती परीक्षा. फुटायला लागली की एखादं पिल्लू बारा-पंधरा तास घेतं, मधे थांबतं, परत टोचा मारतं. आपल्याला दम निघत नाही आणि आपण कवच सोलायला जातो, रक्त येतं आणि पिल्लू मरतं, कारण आतल्या शिरा अजून सुकलेल्या नसतात. पहिलं आणि शेवटचं पिल्लू ह्यात दिवस-दीड दिवसाचं अंतर पडू शकतं, आणि पहिल्याला उपाशी म्हणून बाहेर काढायची गरज नाही, जन्माच्या आधी पिवळा बलक पोटात ओढून घेतलेला असतो त्यावर ते दोन दिवस आरामात निघतं. सगळी निघाली की कवचं आणि न फुटलेली अंडी काढून टाकायची नाहीतर वासावर मुंग्या येतात, आणि लाल मुंग्या लागल्या तर ओलं पिल्लू वाचत नाही.

दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील तर एक युक्ती आहे, दोघींची पिल्लं एकीखाली घालायची आणि दुसरीला मोकळी करायची. पण हे पहिल्या एक-दोन दिवसातच, आणि रात्री, गुपचूप पंखाखाली सरकवायची. दिवसाउजेडी आणि चार दिवसानंतर घालायला गेलं तर आई परकं पिल्लू ओळखते आणि डोक्यात टोचून मारते.

आणि इथनं पुढं खरं काम. अंड्यातनं पिल्लू निघालं म्हणजे कोंबडी वाढली असं नाही, पहिल्या तीन-चार आठवड्यात जेवढी जातात तेवढी नंतर वर्षभरात जात नाहीत. आमच्याकडं घार आहे, शिक्रा आहे, कावळा आहे, मुंगूस आहे, शेजारचा बोका आहे, रात्रीची घूस आणि साप. माणसं सगळा दोष घारीला देतात कारण ती दिसते. बोका आणि घूस दिसत नाहीत.

घारीचं मात्र बघण्यासारखं असतं. आई उकिरडा उकरत असते, पिल्लं पायात लुडबुडत असतात, आणि एकदम तिची मान वाकडी होते, एक डोळा आभाळाकडं. अजून आपल्याला काही दिसलेलं नसतं. ती बारीक लांब आवाज काढते, एकदाच, आणि पिल्लं जिथं असतील तिथं गायब, कुणी आईखाली, कुणी अळूच्या पानाखाली, कुणी लाकडाच्या ढिगात, आणि एक चिवचिव नाही. जमिनीवरनं मुंगूस किंवा कुत्रं आलं तर हाच आवाज नसतो, तेव्हा कक्-कक्-कक्-काक असा मोठ्यानं गलका करते आणि पिसं फुलवून सरळ अंगावर जाते, मी कोंबडीला कुत्र्याच्या नाकावर चढलेली बघितलीय. आता मला सांगा, बल्बखाली वाढलेल्या पिल्लाला हा आवाज कोण शिकवणार? ते मोठं होऊन अंगणात सोडलं की आभाळाकडं बघत उभं राहतं आणि घार उचलून नेते. साहेबांच्या चौकटीत ह्याचा हिशोबच नाही.

पण सगळं आईवर टाकून पण चालत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आई आणि पिल्लं डालग्याखाली (वेळूच्या मोठ्या पालथ्या टोपलीखाली), अंगणात सावलीला, डालग्यावर दगड. दगड हलका असला तर मुंगूस डालगं सरकवतं. वेळूचं डालगं जुनं झालं की खालची काडी तुटते आणि तेवढ्या फटीतनं पिल्लू बाहेर, म्हणून दर खेपेला फिरवून बघायचं. मोकळं सोडायचं तर सकाळी ऊन तापल्यावर आणि माणूस दारात असताना, संध्याकाळी लवकर आत. अंगणात आडोसा पाहिजे, जास्वंद, अडुळसा, तुरीची ओळ काहीही, स्वच्छ झाडलेलं उघडं अंगण दिसायला छान पण पिल्लाला लपायला जागा नाही. आमच्या दारातल्या आंब्यावर कोतवाल घरटं करतो, तेवढे दोन महिने घार अंगणाकडं फिरकत नाही, एवढासा पक्षी पण घारीच्या पाठीवर टोचा मारत तिला नदीपलीकडं सोडून येतो. त्याला पोरं गलोलीनं मारतात, त्यांना दोन रट्टे द्यावे वाटतात.

रात्रीसाठी खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश जाळी मारा, खर्च होतो पण एकदाच होतो. षटकोनी भोकाची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला नाही, त्यातनं मांजर पंजा घालून पिल्लू ओढतं आणि साप तर सहज येतो. जमिनीलगत एक हात जाळी बाहेरच्या बाजूला मातीत पुरली की घूस उकरून आत येत नाही. साप दिसला तर आरडाओरडा करून मारायचं कशाला, बहुतेक वेळा धामण असते, पण नाग पण अंड्याला आणि पिल्लाला येतो, म्हणून अंधारात खुराड्यात हात घालताना आधी बॅटरी मारा आणि सर्पमित्राला फोन करा. आणि मुंगसासाठी विषाचा गोळा ठेवू नका, ठेवणारे आहेत आमच्याकडं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे आणि त्या विषानं पहिलं मरतं ते आपलंच कुत्रं.

घरातल्या इतर कोंबड्यांचा त्रास पण मोठा असतो. आई दाणे टिपताना दुसरी कोंबडी पिल्लाला टोच मारते, डोक्यावर बसली तर संपलं. कोंबडा सहसा काही करत नाही, उलट दाणा सापडला की पिल्लांना बोलावतो, पण दुसरी खुडूक किंवा दुसरी पिल्लंवाली असली तर दोघींची जुंपते आणि पायाखाली पिल्लं चेंगरतात. म्हणून पहिला आठवडा वेगळं, मग जाळीतनं एकमेकींना दिसतील असं, मग एकत्र. खायचं पण वेगळं लागतं, पहिल्या दिवसात बारीक कणी, नाचणी, शिजवलेल्या अंड्याचा चुरा, बांधावरचं कुजकं लाकूड उलटं केलं की मिळणारी वाळवी, आणि जमलं तर दुकानातलं चिक स्टार्टर. लेअरचं खाद्य पिल्लाला अजिबात नाही, त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना जास्त घातलेला असतो, पिल्लाची किडनी जाते. सगळ्यांनाच स्टार्टर टाकावं आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, त्या आपापलं बघून खातात. तूस ओलं राहिलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण लागते, पंख पाडून, डोळे मिटून उभी राहिली की समजायचं, तेव्हा दवाखान्यात नेऊन पाण्यातनं औषध द्यावं लागतं, घरच्या काढ्यानं जात नाही.

दीड-दोन महिने झाले की आईच पिल्लांना टोचा मारून लांब करते. तेव्हा पोरं म्हणतात आई वाईट झाली. वाईट झाली नाही, तिला परत अंड्यावर यायचंय.

एवढं सगळं करून पिल्लं तळहाताएवढी होतात आणि मग मानमोडी येते, म्हणजे राणीखेत. हिरवट हगवण, मान वळते, आठ दिवसात गल्ली साफ. ह्यावर लस आहे, स्वस्त आहे, सगळ्यांना माहीत आहे, पाचव्या-सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याला परत, आठव्याला इंजेक्शन. तरी मर येते. का? कारण लसीची बाटली १०० किंवा त्याच्या पुढच्या डोसांची, एकदा पाणी घालून फोडली की दोन तासात संपवायची, तोवर बर्फात ठेवायची. माझ्याकडं पिल्लं आठ, शेजारणीकडं सहा. आठ पिल्लांसाठी बाटली कोण फोडणार? दवाखान्यात विचारलं की सांगतात १०० पिल्लं गोळा करा मग या. त्यांचं पण चूक नाही, पण गोळा करायची कुणी आणि कशी, एकीची पिल्लं आज निघाली, दुसरीची तीन आठवड्यांनी.

म्हणून आपल्या पेपरमार्फत पशुसंवर्धन खात्याला दोनच गोष्टी सुचवते. एक, गावात महिन्याचा एक वार ठरवून द्या, समजा पहिला सोमवार, त्या दिवशी लस येणार म्हणजे येणार, मग आम्ही बायका आपापसात ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसवू म्हणजे पिल्लं पण एकाच वेळी निघतील आणि एक बाटली एका वाडीला पुरेल. बचत गटात पैशाचा हिशोब महिन्याच्या महिन्याला होतो, तर कोंबड्या बसवायची तारीख ठरवायला काय जातंय. दोन, खडकी, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरला सरकारी अंडी उबवणी केंद्रं आहेत, त्यांनी एक दिवसाच्या पिल्लांबरोबर जीव असलेली अंडी पण योजनेत द्यावीत, सुधारित जातीची, दहा-बारा अंड्यांचा गट. ती अंडी गाडीतनं हबकून आल्यावर एक रात्र टोक खाली करून ठेवायची आणि दुसऱ्या रात्री गावठी खुडूक कोंबडीखाली सरकवायची. बल्ब नको, लाईट नको, डबा नको. पिल्लू सुधारित आणि त्याला सांभाळायला गावठी आई. ज्या बाईकडं कोंबडी खुडूक असेल तिनं दवाखान्यात नाव द्यावं एवढीच अट ठेवा. आमच्या एका वाडीत कुठल्याही महिन्यात विचारा, चार-पाच खुडूक कोंबड्या निघतील, आणि त्यातल्या निम्म्या ह्या घडीला पाण्यात बुडवल्या जातायत.

आणि पुरवणीत पुढच्या वेळी ह्या विषयावर लिहिणार असाल तर कुठल्या दवाखान्यात कुठल्या दिवशी लस मिळते ते तालुक्यावार छापा, ते पान आम्ही कापून भिंतीला लावू.

आपली नम्र,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

ता. क. : त्या लेखाबरोबरच्या फोटोत पिल्लं स्टीलच्या खोल वाडग्यात पाणी पिताना दाखवलीत. लोक फोटो बघून तसंच करतात. असल्या वाडग्यात पिल्लू पडलं की भिजून गारठून मरतं, पाणी बशीसारख्या उथळ भांड्यात ठेवावं आणि त्यात चार गोटे टाकावेत.